ड्युटी संपली तरी कंपनीच्या ॲपला माझं लोकेशन दिसतंय, काय करता येईल?

मिरजचा_एमआर

नमस्कार मंडळी. मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, एचक्यू (मुख्य ठिकाण) सांगली, मिरज-तासगाव-विटा हा पट्टा माझ्याकडे. कंपनीने रिपोर्टिंगचं नवीन ॲप दिलंय, फोन मात्र आमचा स्वतःचा, रिचार्ज पण आमचाच. डॉक्टरच्या क्लिनिकपाशी पोचलं की ॲपमध्ये कॉल, म्हणजे भेटीची नोंद, टाकायचा, तिथलं लोकेशन जुळलं तरच तो कॉल धरतात. इथपर्यंत माझी काही ना नाही, कामाचा भाग आहे.

पण मागच्या रविवारी घरच्यांना घेऊन जोतिबाला, वाडी रत्नागिरीला, गेलो होतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये एरिया मॅनेजर सगळ्यांसमोर बोलून गेले की काल वाडी रत्नागिरीला दर्शन झालं वाटतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्टेटस ठेवलं नव्हतं, फोटो टाकला नव्हता. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने विचारलं की मग आपण कुठल्या दवाखान्यात जातो, कोणाकडे पैसे मागायला जातो, हे पण दिसतं का त्यांना. मला उत्तर देता आलं नाही.

ॲपला लोकेशन 'अलाऊ ऑल द टाईम' द्यावं लागतं, नाहीतर लॉगिनच होत नाही. जीपीएस बंद करून बघितलं तर अर्ध्या तासात ऑफिसचा फोन. एक सहकारी म्हणतो फेक लोकेशनचं ॲप टाक, दुसरा म्हणतो काही उपयोग नाही, सिम आत आहे तोवर सगळं सगळ्यांना कळतं. खरं काय आहे? फोन अँड्रॉइड १३ आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

अंबर_कोथरूड

मी अशीच ॲप्स बनवण्याच्या कामात आहे, डिलिव्हरीवाल्यांसाठी, त्यामुळे दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग बाकीचं सोपं होतं. लोकेशन म्हणजे एकच नळ नाही जो चालू किंवा बंद करता येतो, ते वेगवेगळ्या लोकांकडे वेगवेगळ्या वाटांनी जातं. म्हणून पहिला प्रश्न हा की कोणापासून वाचायचंय. तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याने या सगळ्या वाटा एकत्र केल्यात, म्हणून त्याला सगळंच निरुपयोगी वाटतंय.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि फक्त सिग्नल सोडतात. फोन तो ऐकतो आणि स्वतःच गणित करून आपण कुठे ते काढतो. उपग्रहाला तुम्ही कोण, कुठे, काही कळत नाही, जसं टॉवरच्या घड्याळाला आपल्याकडे कोणी बघून वेळ पाहिली ते कळत नाही तसं. म्हणजे जीपीएस तुमची चहाडी करत नाही, ते उत्तर फोनमधून बाहेर कोण पाठवतं तिथे खरा मुद्दा आहे. तुमच्या केसमध्ये पाठवणारं कंपनीचं ॲप.

टॉवरचं वेगळं. सिम चालू असलं की तुम्ही कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहात हे ऑपरेटरला माहीत असावंच लागतं, नाहीतर कॉल येणार कसा. शहरात त्यावरून काहीशे मीटरचा अंदाज येतो, विट्याच्या पुढे मोकळ्या रानात काही किलोमीटरचा. या नोंदी ऑपरेटरला निदान २ वर्षं ठेवाव्या लागतात, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सरकारने ती मुदत १ वर्षावरून वाढवली. पण त्या मागायचा अधिकार पोलिसांना आणि तपास यंत्रणांना, तोही कायद्याच्या मार्गाने. तुमच्या एरिया मॅनेजरला ऑपरेटर काही देत नाही. तेव्हा सिम आहे तोवर सगळ्यांना कळतं हे चूक.

तिसरी वाट वायफाय. तुम्ही कनेक्ट केलं नाही तरी फोन आजूबाजूच्या राउटरची नावं-नंबर वाचत असतो आणि कुठला राउटर कुठे आहे याची मोठी यादी गुगल आणि ॲपलकडे आहे, म्हणून मिरजेत हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये जिथे उपग्रह दिसत नाही तिथेही नकाशा बरोबर जागा दाखवतो. पण साधं ॲप हे वापरायला गेलं तर त्याला लोकेशनचीच परवानगी लागते, ती नसेल तर अँड्रॉइड त्याला आजूबाजूच्या वायफायची यादी देत नाही. उरला आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर, तो प्रत्येक ॲपला आणि वेबसाईटला दिसतो, पण मोबाईल डेटावर त्याचा नेम फार ढोबळ असतो, बसलेले सांगलीत आणि दाखवतो मुंबई असं सर्रास होतं. व्हीपीएन फक्त हा आयपी झाकतो, जीपीएसला त्याचा काही संबंध नाही, तेव्हा कोणी व्हीपीएन घ्या म्हणालं तर पैसे घालवू नका.

आता तुमचं ॲप. 'ऑल द टाईम' घेतल्याशिवाय लॉगिन नाही ही कंपनीने घातलेली अट आहे, तांत्रिक गरज नाही, आणि हे मी ठामपणे सांगतोय कारण आम्ही रोज हेच करतो. 'व्हाईल युजिंग द ॲप' एवढी परवानगी असली आणि माणसाने सकाळी ॲप उघडून ड्युटी स्टार्ट दाबलं की ॲप वर एक नोटिफिकेशन ठेवून दिवसभर लोकेशन घेऊ शकतं, फोन खिशात असला तरी. संध्याकाळी ड्युटी एन्ड, नोटिफिकेशन गेलं, लोकेशन थांबलं. माणसालाही डोळ्यासमोर दिसतं की आता बघतायत आणि आता नाही. हा पर्याय सरळ उपलब्ध असताना 'ऑल द टाईम' मागणं हा निर्णय कोणीतरी टेबलावर बसून घेतलेला असतो, तो बदलताही येतो.

फेक लोकेशनच्या नादी लागू नका. अँड्रॉइड स्वतःच ॲपला सांगतं की हे लोकेशन बनावट आहे, बहुतेक हजेरीची ॲप्स ते तपासतात, आणि सापडलात तर खोटं रिपोर्टिंग म्हणून नोकरीच जाईल. तुमची बाजू खरी आहे, ती कशाला खोटी करून घेता.

तुमच्या हातात आज काय आहे ते सांगतो. शनिवारी संध्याकाळी काम संपलं की सेटिंगमध्ये ॲप्स, मग कंपनीचं ॲप, मग फोर्स स्टॉप. त्यानंतर तुम्ही स्वतः उघडत नाही तोवर ते आपोआप उठत नाही. याहून पक्का उपाय वर्क प्रोफाईल. अँड्रॉइडमध्ये एकाच फोनमध्ये कामाच्या ॲप्सचा वेगळा कप्पा करता येतो, त्या ॲप्सवर छोटी ब्रीफकेस दिसते आणि तो कप्पा एका बटणाने पूर्ण बंद होतो, आतलं काहीच चालत नाही. खरं तर तो कंपनीच्या आयटीने करून द्यायला हवा, पण शेल्टर किंवा आयलंड नावाच्या ॲपने स्वतःलाही करता येतो, काही फोनवर त्रास देतो, करून बघा. आणि घरात जुना फोन पडला असेल तर सगळ्यात सोपं तेच, कंपनीचं ॲप त्यात, संध्याकाळी तो बंद करून कपाटात.

वितरक_नाशिक

माझ्याकडे एफएमसीजीची, म्हणजे रोजच्या वापराच्या मालाची, एजन्सी आहे, गाड्या आणि सेल्समन मिळून बऱ्यापैकी माणसं आहेत, सगळ्यांना ट्रॅकिंग आहे. मालकाची बाजूही ऐका. पूर्वी पोरं टपरीवर बसून दहा दुकानांची ऑर्डर फोनवर घ्यायची आणि जाऊन आलो सांगायची, त्यात प्रामाणिक पोराचं नुकसान व्हायचं कारण टार्गेट सगळ्यांना सारखंच. ट्रॅकिंग आल्यावर पेट्रोलचे पैसेही बिनवादाचे मिळायला लागले, कोणी किती किलोमीटर फिरलं ते समोर असतं. एकदा गाडी घाटात बंद पडली तेव्हा लोकेशनवरूनच मेकॅनिक पोचला. त्यामुळे ट्रॅकिंग म्हणजे वाईटच असं मला पटत नाही.

पण रविवारचं बघणं, आणि वर मीटिंगमध्ये ते बोलून दाखवणं, हे चूकच. आमच्याकडे सात वाजता बंद होतं, मीच तसं लावून घेतलंय, कारण नंतरचं मला बघायचंच नाही. कोण कोणाच्या घरी जातो हे मला कळलं तर उद्या त्याच्याशी बोलताना माझ्या डोक्यात ते राहणार. ते ओझं मालकालाही नको असतं.

अंबर_कोथरूड

वितरकसाहेब, हेच. एक गोष्ट मात्र तुमच्यासारख्या मालकांनी पण लक्षात घ्या, फोनच्या जीपीएसचा नेम मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटर असतो, पण दाट पेठेत, उंच भिंतींच्या मध्ये सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि ठिपका पलीकडच्या गल्लीत जातो. माणूस क्लिनिकच्या बाकावर बसलेला असतो आणि ॲप म्हणतं तू इथे नाहीस. एवढ्यावरून पोराचा पगार कापू नका, आधी त्याला विचारा.

रेवा_डॅलस

मी १२ वर्षं अमेरिकेत आहे, डेटा प्रायव्हसीच्या कामात. कंपनीच्या ॲपचं अंबर यांनी सांगितलंय, मी बाकीच्या वाटेबद्दल लिहिते, कारण मिरजच्या दादांच्या पत्नीने जो दवाखान्याचा प्रश्न विचारला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तपास करून दाखवलं की लोकेशन हिस्टरी बंद केली तरी गुगल जागा साठवत होतं, कारण 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाचं दुसरं बटण चालूच होतं आणि त्याचा लोकेशनशी संबंध आहे हे सामान्य माणसाला कळायला मार्गच नव्हता. त्यावरून इथल्या ४० राज्यांशी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गुगलने ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. नंतर टाइमलाइनचा (लोकेशन हिस्टरीचंच नवं नाव) डेटा सर्व्हरऐवजी फोनमध्येच ठेवायला सुरुवात केली, तो बदल त्यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला. तेव्हा तुम्ही गुगल अकाउंटमध्ये जाऊन टाइमलाइन आणि वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी या दोन्ही बघा, एक बंद करून समाधान मानू नका. निदान ऑटो डिलीट ३ महिन्यांवर तरी लावा.

पण मला जास्त काळजी फुकटच्या छोट्या ॲप्सची वाटते, टॉर्च, हवामान, पंचांग, वॉलपेपर. ॲपमध्ये जाहिरात दाखवायची वेळ आली की एका क्षणात ती जागा लिलावात जाते आणि त्या लिलावाच्या निरोपात तुमचा जाहिरातीचा आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख नंबर) आणि बऱ्याचदा लोकेशनही असतं, जे बोली लावतात त्या सगळ्या कंपन्यांना ते मिळतं, ज्यांची बोली लागली नाही त्यांनाही. यातूनच लोकेशन गोळा करून विकणारे दलाल तयार झाले. न्यूयॉर्क टाइम्सला २०१९ मध्ये अशीच एक फाईल मिळाली होती, १ कोटी २० लाख फोन आणि ५० अब्जांहून जास्त नोंदी, नाव कुठेच नाही, तरी त्यांनी माणसं शोधून काढली. कारण रात्री फोन कुठे असतो आणि दिवसा कुठे एवढं कळलं तरी माणूस कळतो. त्याआधी २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदी तपासल्या होत्या, त्यात वेळ आणि जागा अशा फक्त ४ नोंदी हाताशी असल्या तर ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता येत होती. 'नाव काढून टाकलंय, काळजी नको' असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं आणि राग येतो.

करायचं काय, तर सेटिंगमध्ये गुगल, मग ॲड्स, तिथे जाहिरातीचा आयडी डिलीट करा. मग लोकेशनच्या परवानग्यांची यादी उघडा आणि प्रत्येक ॲपसमोर थांबून विचारा की याला कशाला हवंय. अँड्रॉइड १२ पासून 'युज प्रिसाइज लोकेशन' वेगळं बंद करता येतं, आयफोनवर आयओएस १४ पासून. हवामानाच्या ॲपला तुम्ही सांगलीत आहात एवढं पुरतं, गल्ली नको. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला अचूक द्या पण वापरताना तेवढंच. कर्जाच्या ॲप्सबद्दल तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय की कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही आणि लोकेशनही केवायसीच्या वेळी एकदाच, तेही स्पष्ट संमती घेऊन. जे ॲप कायमचं मागतं ते काढून टाका.

प्राजक्ता_ठाणे

धागा कंपनीबद्दल आहे पण मी घराबद्दल लिहिणार आहे, कारण बायकांच्या बाबतीत बघणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने घर सोडलं, माहेरीही गेली नाही, मैत्रिणीकडे राहिली, तरी नवरा खाली येऊन उभा राहायचा. तिला वाटलं सासरच्यांनी माणूस लावलाय. तसं काही नव्हतं, लग्नानंतर लगेच त्याने तिच्या फोनवर गुगल मॅप्समधून लोकेशन शेअरिंग स्वतःलाच चालू करून ठेवलं होतं, मुदत 'बंद करेपर्यंत'. कुठलं हॅकिंग नाही, काही नाही.

म्हणून बघा, मॅप्स उघडून आपल्या फोटोवर टॅप केलं की लोकेशन शेअरिंग दिसतं, कोणाकोणाला जातंय ते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत लाईव्ह लोकेशन बघा. गुगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हाइसेस' बघा, एखादा जुना फोन त्याच्याकडे तुमच्याच अकाउंटने लॉगिन असेल तर त्याला फाइंड हबमधून (पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस) तुमचा फोन दिसतो, म्हणजे पासवर्ड बदलणं आलंच. बॅग, गाडीची डिकी, स्कूटरची सीट यात एअरटॅगसारखा, जागा कळवणारा छोटा टॅग टाकलेला असू शकतो. २०२४ च्या मे महिन्यापासून अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर यायला लागलीय, ती आली तर झटकून टाकू नका.

आणि एक फार महत्त्वाचं. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे शेअरिंग एकदम बंद करू नका. बंद झालं की त्याला लगेच कळतं आणि तोच क्षण धोक्याचा असतो. आधी सुरक्षित जागा, सोबत माणूस, १८१ किंवा ११२ ला फोन, काय दिसतंय त्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्याच्या फोनवर, आणि मग बंद. हे क्रमाने करा.

ॲडव्होकेट_कराड

प्राजक्ताताईंनी लिहिलंय त्याला जोडून. एखाद्या बाईच्या नको म्हणण्याला न जुमानता वारंवार पाठलाग करणं, किंवा तिचा इंटरनेट-ईमेल-फोनचा वापर चोरून बघत राहणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पूर्वीचं ३५४ ड. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा. नवरा म्हणून सूट दिलेली नाही.

आता मिरजकरांचं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. लोकेशनवर थेट बोलणारा निकाल ८ जुलै २०२४ चा, फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो, आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान. हायकोर्टाने जामिनाची अट घातली होती की आरोपीने गुगल मॅप्सवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला ठावठिकाणा दिसेल असं करायचं. सुप्रीम कोर्टाने ती काढली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत डोळा ठेवता येईल अशी अट म्हणजे घटनेच्या कलम २१ चा (जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा) भंग, असं म्हटलं. अमली पदार्थांच्या केसमधला आरोपी होता तो. त्याला जर हे संरक्षण आहे तर सुट्टीच्या दिवशी देवदर्शनाला गेलेल्या एमआरला नाही असं म्हणणं मला माणूस म्हणून अजिबात पटत नाही.

पण वकील म्हणून सांगायला हवं की तो निकाल सरकार आणि आरोपी यांच्यातला आहे, खासगी कंपनीला तसाच्या तसा लागत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिलीय. त्यातही कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमती न घेता माहिती वापरायची मुभा मालकाला ठेवलीय. माझ्या मते ती फार सैल आहे आणि त्यावर पुढे भांडणं होणारच. तरीही रविवारचा जोतिबा 'नोकरीचं कारण' कसा ठरतो हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

तेव्हा भांडायला जाऊ नका, लिहून विचारा. एचआरला ईमेल करा की लोकेशन कुठल्या वेळात घेतलं जातं, कोणकोण बघतं, किती दिवस ठेवतात आणि ड्युटीनंतर ते बंद का होत नाही. चार ओळीत, नम्रपणे. मीटिंगमधलं वाक्य तारखेसह लिहून ठेवा आणि तिथे हजर होते त्यातल्या एकदोघांशी बोलून ठेवा. आणि एकट्याने पाठवू नका, तुमच्या एमआर संघटनेमार्फत गेलं तर जास्त चांगलं, हा प्रश्न तुमच्या एकट्याचा असूच शकत नाही.

मिरजचा_एमआर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायको आणि मी दोघांनी बसून दोन्ही फोनच्या परवानग्या तपासल्या, तिच्या फोनमध्ये एका रेसिपीच्या ॲपला पण लोकेशन होतं. वकीलसाहेब, संघटनेच्या सेक्रेटरींशी बोललो, तासगावच्या आणि इचलकरंजीच्या दोघांची हीच तक्रार आलीय म्हणाले, तिघांचा मिळून ईमेल जाणार आहे.

अंबरभाऊ, आमच्या ॲपमध्ये ड्युटी एन्डचं बटण आहे हो, पण ते दाबूनही लोकेशन घेतच असणार असा माझा संशय आहे, नाहीतर रविवारचं कळलं कसं. हे सिद्ध कसं करायचं? आणि बायकोचा प्रश्न, क्लिनिकच्या बाहेर काढलेला फोटो ग्रुपवर टाकला तर त्यातूनही जागा जाते का?

अंबर_कोथरूड

सिद्ध करता येतं आणि तेच तुमच्या ईमेलला जोडा. अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग प्रायव्हसी डॅशबोर्ड, त्यात लोकेशनवर टॅप केलं की गेल्या २४ तासांत कुठल्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं त्याची यादी येते. शनिवारी ड्युटी एन्ड दाबल्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट काढा, रविवारी संध्याकाळी डॅशबोर्डचा काढा. या वेळी मुद्दाम फोर्स स्टॉप करू नका, नाहीतर पुरावाच मिळणार नाही. दोन्ही शेजारी ठेवले की कोणाला वाद घालायला जागा उरत नाही, आणि कदाचित कंपनीतल्या लोकांनाही माहीत नसेल की त्यांचं ॲप हे करतंय, कारण अशी ॲप्स बऱ्याचदा बाहेरून विकत घेतलेली असतात.

फोटोचं असं आहे की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला किंवा ईमेलला जोडला तर फाईल जशीच्या तशी जाते, जागेसकट. वहिनींना सांगा कॅमेऱ्यातलंच बटण बंद करून टाका. जुन्या फोटोंचं हवं असेल तर गॅलरीत तो फोटो उघडून डिटेल्समध्ये जाऊन लोकेशन काढता येतं, एकेका फोटोचं.